तो मळ नव्हता

(साक्षरता वर्गाच्या हळदीकुंकवाला एका निवृत्त हेडमास्तरांनी केलेले भाषण)

आयाबहिणींनो, आणि मागे खांबाला टेकून बसलेल्या दादांनो,

तुमच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलायला बोलावले. मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हाला हवा तो घ्या." मी म्हणालो, "मग मी बायकांच्या पाळीवर बोलतो." बाई गप्पच झाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "तुम्ही? पुरुष माणूस?"

आता तुमच्यातही काही जणी पदर तोंडाला लावून हसताहेत. हसा. हसून झाले की ऐका. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला मास्तर आहे. पण हा विषय माझ्या मानगुटीवर बसलेला आहे. तो कसा बसला, ते आधी सांगतो.

मी ३६ वर्षे शाळेत होतो. त्यातली शेवटची १६ वर्षे हेडमास्तर. दर सोमवारी प्रार्थना झाली की मी मुलांची स्वच्छता तपासायचो. नखे, दात, कान, मान. ज्याची मान मळकट, त्याला रांगेबाहेर काढायचो आणि हौदावर पाठवायचो.

२००४ साली सातवीत एक मुलगी होती. अंगाने जरा भरलेली, हुशार, अक्षर मोत्यासारखे. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळी वळी होती. मी तिला तीन सोमवार रांगेबाहेर काढले. चौथ्या सोमवारी तिची मान लालभडक झाली होती. सालटी निघाली होती. आईने वजरीने घासली होती. तरी काळे ते काळेच. मी सगळ्या शाळेपुढे म्हणालो, "पाण्याला महाग आहेस का गं?" पोरे खो खो हसली.

पाचव्या सोमवारी ती आली नाही. पुढे परीक्षेपुरती आली. आठवीला तालुक्याच्या शाळेत जायचे होते, ते गेली नाही.

तो मळ नव्हता. ती आजाराची खूण होती. मला ते कळायला अकरा वर्षे लागली, आणि कळले तेही त्याच मुलीमुळे.

२०१५ सालची गोष्ट. तिचे वडील माझ्या घरी आले. हातात वकिलाचा कागद होता. त्यांना वाचता येत नव्हते. म्हणाले, "गुरुजी, काय लिवलंय बघा जरा." मी वाचले. मुलीच्या सासरकडची नोटीस होती. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही, मुलीला पाळी नीट येत नाही, ही गोष्ट लपवून लग्न लावले, सबब फारकत द्यावी. असा मजकूर. मुलगी दाराबाहेर उभी होती. पाठमोरी. मी तिची मान पाहिली. तीच वळी.

दुसऱ्या दिवशी मी, ती आणि तिचे वडील एस.टी.ने सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवले. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बाळ, जरा मान दाखव." मानेला बोट लावून पाहिले आणि म्हणाल्या, "हे किती वर्षांपासून आहे?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे.

आता आजार कोणता, ते सांगतो. डॉक्टर त्याला पीसीओएस म्हणतात. कोणी पीसीओडी म्हणतात. पूर्ण नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. नाव म्हणजे जिभेची कसरत आहे. तुम्ही पीसीओएस एवढेच लक्षात ठेवा.

बाईच्या ओटीपोटात गर्भाची पिशवी असते. पिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. साधारण बदामाएवढे. त्यांत बीजे असतात. मुलगी जन्माला येते तीच ही बीजे घेऊन येते. ती वयात आली, की दर महिन्याला त्यातली काही बीजे वाढीला लागतात. आंब्याचे झाड डोळ्यांपुढे आणा. घोसाला बाळकैऱ्या पुष्कळ धरतात. त्यातली एखादीच पाडाला लागते, बाकीच्या गळून जातात. बीजकोशातही तसेच. एक बीज पिकते आणि बाहेर पडते. इकडे पिशवी आतून मऊ अस्तर तयार करून ठेवते. पाहुणा यायचा म्हणून आपण घोंगडी अंथरतो ना, तसे. पाहुणा आला, म्हणजे दिवस राहिले, तर अस्तर कामी येते. नाही आला, तर दोन आठवड्यांनी ते रक्ताबरोबर बाहेर पडते. तीच पाळी. यात विटाळ कोठून आला, ते मला अजून कळलेले नाही. असो.

पीसीओएसमध्ये काय होते? बाळकैऱ्या धरतात, पण एकही पाडाला लागत नाही. लवकर गळतही नाही. तशाच देठाला राहतात. सोनोग्राफीत त्या बारीक काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. बीजकोशाच्या कडेने मण्यांची माळ ओवावी तशा. रिपोर्टावर "सिस्ट" असा शब्द येतो. मग घरी येऊन कोणी सांगते, "पोटात गाठी निघाल्या." झाली घरात रडारड सुरू! अहो, त्या गाठी नव्हेत. कॅन्सरच्या तर नव्हेतच. ती न पिकलेली बीजे. या आजाराला नावच चुकीचे पडले, असे डॉक्टर लोकही म्हणतात. कारण काही बायकांना आजार असतो आणि सोनोग्राफीत असे ठिपके दिसतच नाहीत.

बीज पिकले नाही, की पाळीला निरोप मिळत नाही. ती लांबते. दोन महिने, चार महिने, कधी सहा महिने.

बीज का पिकत नाही? उसाला पाणी पाजताना दारे धरावी लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. पाटाने पाणी येते. गडी दार मोडतो. पाणी सरीत शिरते. आपण जेवतो त्याची साखर होते. ती रक्ताच्या पाटातून वाहते. इन्सुलिन म्हणजे दारे धरणारा गडी. तो दार मोडतो, तेव्हा साखर हातापायांच्या मांसात शिरते आणि अंगाला ताकद येते. पीसीओएस असलेल्या पुष्कळ बायकांत हे दार घट्ट बसलेले असते. एका गड्याला ते मोडत नाही. मग शरीर चार गडी पाठवते. दार मोडते खरे. पण ते जास्तीचे गडी गप्प बसत नाहीत. ते बीजकोशात जाऊन नको तो उद्योग करतात.

प्रत्येक बाईच्या अंगात पुरुषी हार्मोन थोडेसे असते. असायलाच हवे. हे जास्तीचे गडी बीजकोशाला ते हार्मोन जास्त करायला लावतात. ते वाढले की बीज अर्ध्यात अडते. हनुवटीवर, ओठावर, पोटावर राठ केस येतात. तोंडावर मुरुमे येतात. डोक्यावरचे केस भांगापाशी विरळ होतात. आणि इन्सुलिन जास्त झाल्यामुळे मानेची, काखेची कातडी काळी आणि जाड होते. हाताला मखमलीसारखी लागते. तिला वजरी लावा, डाळीचे पीठ लावा, लिंबू चोळा, जाणार नाही. इन्सुलिन कमी झाले, की ती आपोआप हळूहळू उजळते.

मान काळी म्हणजे पीसीओएसच, असे मात्र नाही. पुरुषाचीही मान अशी होते. दादांनो, तुमच्यात कोणाची असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

हनुवटीच्या केसांवरून आठवले. माझी एक आत्या होती. तिला मूल झाले नाही. नवऱ्याने दुसरी केली आणि ही माहेरी आली. तिच्या हनुवटीवर केस होते. आम्ही पोरे तिला मागून चिडवायचो. ती पहाटे अंधारात उठून चिमट्याने ते उपटायची. तिला हाच आजार होता, असे मी म्हणणार नाही. कारण तिला कोणी कधी तपासलेच नाही. जन्मभर वांझोटी म्हणून घेतले आणि गेली.

हा आजार काही आजचा नाही. इटली देशात व्हॅलिस्नेरी नावाचे एक विद्वान होते. त्यांनी १७२१ साली मूल न होणाऱ्या एका शेतकरी बाईबद्दल लिहून ठेवले आहे. तिचे बीजकोश पांढरे, चकचकीत आणि कबुतराच्या अंड्यांएवढे होते म्हणे. पुढे १९३५ साली अमेरिकेत शिकागो शहरात स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी अशा सात बायकांची हकिगत छापली. तेव्हापासून डॉक्टर त्याला ओळखू लागले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांत १० ते १३ जणींना हा आजार असतो. आणि असे आजारी असलेल्या शंभरातल्या ७० जणींपर्यंत कोणाला त्याचा पत्ताच नसतो. इथे आज पन्नास-साठ जणी बसल्या आहेत. हिशेब तुम्हीच करा.

आजार घराण्यातून येतो. आईला असला तर मुलीला असू शकतो. बहिणीबहिणींना असतो. जाड बाईला त्रास जास्त होतो, हे खरे. पण काडीसारख्या बाईलाही होतो. दिवसभर खुरपणाऱ्या बाईलाही होतो. तेव्हा "आळशी आहे, खाऊन खाऊन झालं" असे कोणाला म्हणू नका. कोणाची दृष्ट लागलेली नसते. कोणी करणी केलेली नसते.

आता डॉक्टरबाईंनी त्या मुलीला दुसरा प्रश्न विचारला. "शेवटची पाळी कधी आली?" ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी. नाहीतर दसऱ्याला असंल." बाई म्हणाल्या, "त्याच्या आधीची?" मुलगी म्हणाली, "ध्यानात नाही." बाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "सातवी शिकलीस ना? मग लिहून का ठेवत नाहीस?"

हे ऐका बरं का. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. मी हा फळा त्यासाठीच मागवला. भिंतीवर कालनिर्णय असतेच. पाळी आली, त्या दिवसाला गोल करायचा. त्या मुलीने पुढे असे गोल केले. त्यातले चार मी तिच्या परवानगीने फळ्यावर लिहितो.

१२ जानेवारी.
३ मार्च.
२० मे.
१ सप्टेंबर.

आता मधले दिवस मोजा. १२ जानेवारीपासून ३ मार्चपर्यंत किती? जानेवारीचे १९ राहिले, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३. झाले ५०. पुढचे ७८. त्याच्या पुढचे १०४. बोटांवर मोजा, घाई नाही.

मोठ्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांनी यावी. मुलगी नुकतीच न्हाती झाली असेल, तर पहिले वर्ष मागेपुढे होतेच. घाबरू नका. त्यानंतरची दोन वर्षे ४५ दिवसांपर्यंत चालते. पण एक वर्ष उलटून गेल्यावरही ९० दिवस पाळी आली नाही, तर दवाखान्यात जायचे. १५ वर्षे पुरी झाली आणि पाळी आलीच नाही, तरी जायचे. लग्न झालेली असेल तर आधी दिवस गेले आहेत का, ते तपासायचे. हसू नका, पुष्कळदा तेच निघते. आणि आवाज जाड झाला, चार-सहा महिन्यांत भराभर केस वाढले, तर एक दिवसही थांबू नका. ते कारण वेगळे असू शकते.

पाळी आली नाही तर बिघडले काय? काही जणी म्हणतात, "बरंच झालं, कटकट गेली." पण बाई, ते अस्तर आत साठत राहते. जाड होत जाते. एखाद्या दिवशी इतके जाते की रक्त पाण्यासारखे वाहते आणि बाई पांढरी फटक पडते. वर्षानुवर्षे ते साठत राहिले, तर पिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून मूल हवे असो वा नको, निदान तीन महिन्यांतून एकदा पाळी यायला पाहिजे. नाही आली, तर डॉक्टर ठरावीक दिवसांच्या गोळ्या देऊन आणतात. दुसरे, मधुमेह. दार मोडता मोडता गडी थकतात. मग रक्तात साखर तुंबते. या बायकांना मधुमेह लवकर गाठतो. रक्तदाबही वाढतो.

तपासणीत काय करतात, याची भीती पुष्कळ. एका तपासणीने हा आजार ठरत नाही. पाळीची हकिगत विचारतात. वजन, रक्तदाब पाहतात. रक्त घेतात. थायरॉइडमुळेही पाळी बिघडते, म्हणून तेही पाहतात. साखर पाहायला एकदा उपाशीपोटी रक्त घेतात, मग ग्लुकोजचे पाणी प्यायला देतात आणि दोन तासांनी पुन्हा घेतात. मूठभर वेळ हाताशी ठेवून जा. लग्न न झालेल्या मुलीच्या आया विचारतात, "सोनोग्राफी म्हंजे आतून काय घालत्यात का?" नाही. मुलीची सोनोग्राफी वरून, पोटावरून करतात. आधी भरपूर पाणी प्यायला लावतात, एवढेच. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नसतील, तर नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असे जाणते डॉक्टर सांगतात. त्या वयात चांगल्या बीजकोशातही असे ठिपके दिसतात.

आता उपचार. आजार मुळासकट उपटून टाकणारे औषध नाही. तणासारखे आहे. खुरपणी करत राहावी लागते. पण खुरपणी केली, तर पीक उत्तम येते.

पहिली खुरपणी ताटातली. भाकरी सोडा, भात सोडा, उपाशी राहा, असले काही करू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, ताक, शेंगदाणे, जमेल त्याला अंडी. आपले जुने ताट काही वाईट नव्हते. वाईट झाले ते मधले खाणे. खारी, बिस्किटे, पोराच्या हातातली पाकिटे, बाटलीतले रंगीत पाणी. आणि चहा! दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर. झाले बारा चमचे. चमच्याला पाच ग्रॅम धरा. ६० ग्रॅम. महिन्याचे १८०० ग्रॅम. जवळजवळ दोन किलो साखर एका माणसाच्या पोटात, तीही नुसत्या चहातून! उपवासाचे तर विचारूच नका. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, बटाटा, वर राजगिऱ्याचे लाडू. देवाला साबुदाणाच लागतो, असे कोणी सांगितले?

दुसरी, अंगमेहनत. शेतात खरोखर राबणारीला मी व्यायाम सांगायला जाणार नाही, ती मला खुरपे दाखवील. पण शिलाई मशीनवर बसणारी, परीक्षेला बसलेली, शहरात नांदायला गेलेली, तिने रोज अर्धा तास झपाझप चालावे. आठवड्यातले पाच दिवस तरी. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी फरक पडतो. ६० किलोच्या बाईचे तीन ते सहा किलो उतरले, की पुष्कळदा पाळी रुळावर येते. आणि घरच्यांनी तिला चालायला जाऊ द्यावे. "कुठं हिंडायला निघाली?" हा प्रश्न विचारू नये.

तिसरी, औषधे. ज्यांना सध्या मूल नको, त्यांना डॉक्टर पाळणा लांबवायच्या गोळ्यांसारख्या गोळ्या देतात. आया खवळतात. "कुवार पोरीला असल्या गोळ्या? पुढं मूल व्हायचं नाही!" तसे नाही. त्या गोळ्यांनी पाळी वेळेवर येते, अस्तर साठत नाही, मुरुमे आणि केस कमी होतात. गोळ्या बंद केल्या की मूल होण्यात त्यांची आडकाठी राहत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेजारणीच्या डब्यातल्या घेऊ नका. रक्तदाब असेल, अर्धशिशी असेल, मिश्री लावत असाल, तर सगळे सांगा. मिश्री लपवू नका, डॉक्टरांना दात दिसतात. काही जणींना मेटफॉर्मिन देतात. ती मधुमेहाचीच गोळी आहे. ती लिहून दिली म्हणजे मधुमेह झाला, असे नव्हे. ती दार सैल करते.

मूल हवे असेल, तर बीज पिकवणाऱ्या गोळ्या आहेत. पाच दिवस घ्यायच्या, डॉक्टरांच्या नजरेखाली. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. पुष्कळ बायकांना मुले होतात. काहींना उपचाराशिवायही होतात. म्हणून ज्यांना मूल नको, त्यांनी "मला काय होतंय" म्हणून गाफील राहू नये.

एक गोष्ट मात्र मी ओरडून सांगतो. पाळीच्या तक्रारीवर कोणी "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पीसीओएसमध्ये पिशवी काढणे हा उपचार नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारने पाहणी केली. ८२,३०९ बायकांना विचारले. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली की काम बुडते, खाडा पडला की दंड होतो, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. कितीतरी जणी पुरत्या चाळिशीच्याही नव्हत्या. पिशवी ही काही फाटलेली गोणी नाही, टाकून द्यायला.

आपल्या मुलीलाही एकाने तसाच सल्ला दिला होता. वयाच्या बाविसाव्या वर्षी! त्याच्या आधी देवऋषी झाला, अंगारे झाले. मोबाइलवरच्या जाहिरातीतली पुडी झाली, "मुळापासून बरा" अशी. सासरचे आणि माहेरचे मिळून पुष्कळ पैसे गेले. सरकारी रुग्णालयात केसपेपर केला, ती पायरी सगळ्यात शेवटी.

डॉक्टरबाईंनी सगळे तपासून झाल्यावर विचारले, "नवऱ्याची तपासणी झाली का?" तिच्या वडिलांनी कानांवर हात ठेवले. "त्येंचं काय तपासायचं?" बाई म्हणाल्या, "दोघांनी मिळून होतं ना मूल? आधी त्याची करा. ती सगळ्यात सोपी आहे, ना सुई ना भूल." मग मी आणि तिचे वडील तिच्या सासरी गेलो. तिथे आमचे स्वागत काही हळदीकुंकवासारखे झाले नाही. सासूने पाणीही विचारले नाही. पण जावई पाणंदीपर्यंत आमच्या मागे आला. म्हणाला, "गुरुजी, मला कुणी हे सांगितलंच नाही." त्याने पुढच्याच आठवड्यात तपासून घेतले. त्याच्यात दोष नव्हता. पण तपासेपर्यंत हे कोणालाच माहीत नव्हते आणि नोटीस मात्र एकटीच्या नावाने निघाली होती.

नोटीस मागे घ्यायला त्यांना पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ती मुलगी माहेरच्या एका कोपऱ्यात बसून असायची. जेवायची नाही, बोलायची नाही. डॉक्टरबाईंनी आम्हाला आधीच सांगितले होते. या आजारात मन खचते, तिकडेही लक्ष ठेवा, झोप गेली, जीव नकोसा वाटतो असे बोलली तर लगेच घेऊन या. तिच्या आईने तिला रात्री एकटी झोपू दिले नाही. हे औषधाइतकेच महत्त्वाचे होते, असे मला वाटते.

तिचे वजन ६८ होते. आठ महिन्यांत ६३ झाले. पाळी अगदी घड्याळासारखी नाही, पण येऊ लागली. मग बीज पिकवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. सासू म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" चौथ्या महिन्यात दिवस राहिले. गरोदरपणात तिची साखर वाढली. पीसीओएसवाल्या बायकांना हे पुष्कळदा होते, म्हणून दिवस राहिल्याबरोबर आणि पुढेही साखर तपासून घ्यायची. तिला शेवटचे दोन महिने इंजेक्शने घ्यावी लागली. २०१७ साली मुलगी झाली. साखर उतरली. तरी ती दर वर्षी तपासून घेते. पाळी अजून अधूनमधून लांबते. मग ती गोळ्या आणायला जाते. आजार आहेच. पण आता तो कोठे बसला आहे, हे तिला ठाऊक आहे.

मुलीच्या बारशाला मी गेलो होतो. अंगणात गर्दी होती. मी तिला बाजूला बोलावून म्हणालो, "पोरी, सातवीत मी तुला सगळ्यांपुढे बोललो होतो. चुकलो." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, आईलाबी मळच वाटायचा." आणि पाळण्याकडे गेली. तिने माफ केले की नाही, ते मी विचारले नाही.

आता एवढेच काम राहिले. तुमच्या वह्या काढा. नवे पान घ्या. वर आजची तारीख लिहा. खाली तुमच्या शेवटच्या पाळीची तारीख लिहा. मुलगी मोठी असेल, तर घरी जाऊन तिला वही द्या, तिची ती लिहील. जिला आठवत नाही, तिने तिथे एक रेघ ओढून ठेवा. वही मला दाखवू नका, बाईंनाही नको. आशाताई त्या दाराशी बसल्या आहेत. त्यांच्याजवळ वजनकाटा आहे आणि रक्तदाबाचे यंत्र आहे. ज्यांची रेघ असेल, त्यांनी जाताना त्यांच्याशी बोलून जा. रुग्णालयात कोणत्या वारी डॉक्टरबाई असतात, ते त्या सांगतील.

दादांनो, तोवर तुम्ही बाहेर चला. चहा तयार आहे. साखर कमी टाकायला सांगितली आहे.